फायबरने आकार मोजताना एखादा कोअर चुकीचं माप देतोय हे कसं ओळखायचं?

तुमच्याकडे मधे एक आणि बाहेर १२० अंशांवर तीन असे चार कोअर (प्रकाश वाहून नेणारे गाभे) असलेलं ऑप्टिकल फायबर आहे, प्रत्येक कोअरमध्ये ब्रॅग ग्रेटिंग (ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश परत पाठवणाऱ्या खुणा; फायबर ताणलं की ती तरंगलांबी सरकते) आहेत, आणि त्यांवरून काढलेली टोकाची जागा अधूनमधून विनाकारण काही मिलिमीटर सरकते. चौथ्या कोअरवरून चूक पकडता येईल का, असं तुम्ही विचारलंय. येईल. पण ती कुठल्या कोअरची आहे, ते मात्र कळणार नाही.

कोअर मोजण्याआधी अज्ञात राशी मोजा. एका ठिकाणचा बाक सांगायला दोन आकडे लागतात, वक्रता किती आणि कोणत्या दिशेला. तिसरा आकडा सगळ्या कोअरना सारखाच लागणारा, म्हणजे फायबरची ओढ आणि तापमान मिळून होणारा बदल. तीन अज्ञातांना बाहेरचे तीन कोअर पुरतात, पण तीनच असतील तर कोणतंही चुकीचं माप गणितात बिनबोभाट बसतं आणि एक गुळगुळीत, खोटा आकार हाती येतो. चौथा, मधला कोअर आला की एक अट मिळते: बाहेरच्या तिघांची सरासरी मधल्याइतकी असली पाहिजे. बाक कसाही असो, बाहेरच्या तिघांवरचे त्याचे परिणाम बेरजेत एकमेकांना खोडतात.

ही अट किती बारीक चूक पकडते ते करून बघू. १५५० नॅनोमीटरच्या आसपास ग्रेटिंगची तरंगलांबी एका मायक्रोस्ट्रेनला (लांबीत दहा लाखात एक भाग वाढ) साधारण १.२ पिकोमीटर सरकते. वाचनातला गोंगाट (मापातली अकारण चढउतार) १ पिकोमीटर धरला, तर सरासरी आणि मधला कोअर यांच्यातल्या तफावतीचा गोंगाट १.१५ पिकोमीटर होतो. त्याच्या तिप्पट, म्हणजे साधारण ३.५ पिकोमीटर, हा उंबरठा ठेवा. बाहेरच्या एका कोअरची चूक या तफावतीत एक तृतीयांशच उतरते, म्हणून ती साधारण १०.४ पिकोमीटरच्या पुढे गेल्यावरच उंबरठा ओलांडेल. हे झाले साधारण ८.७ मायक्रोस्ट्रेन. कोअर मध्यापासून ३५ मायक्रोमीटरवर असतील, तर एवढ्या चुकीनं वक्रता दर मीटरला ०.१७ नं बिघडते. तो बिघाड १० मिलिमीटर लांबीवर लागू झाला आणि पुढे ३०० मिलिमीटर फायबर उरलं असेल, तर टोक अर्धा मिलिमीटर हलतं. तुमचं टोक काही मिलिमीटर हलतंय. बिघाड एकाच ग्रेटिंगमध्ये असेल, तर त्याची खूण तफावतीत उठून दिसायला हवी. आणि तो मुळापासून फार लांब नसणार. टोकाजवळच्या चुकीला वाढायला पुढे लांबीच नसते.

म्हणून एका वेळची एकच तफावत पाहू नका, ती लांबीवर मांडून पाहा. माझ्या एका मांडणीत टोक असंच उड्या मारायचं आणि मी कित्येक दिवस आकार जुळवण्याच्या गणितात चूक शोधत बसलो होतो. तफावत लांबीवर काढली तेव्हा बाकी सगळीकडे ती सपाट होती आणि एकाच ठिकाणी सुळका होता. नेमक्या त्याच जागी फायबर क्लॅम्पमध्ये आवळलं गेलं होतं. बाजूनं दाब आला की ग्रेटिंगवरून परतणाऱ्या प्रकाशाचं शिखर रुंदावतं, दुभंगतं, आणि शिखर शोधणारा प्रोग्राम कधी या भागावर तर कधी त्या भागावर बसतो. क्लॅम्प सैल केल्यावर सुळका गेला. तुम्हीही आधी हेच करून पाहा.

चुकणारा कोअरही ओळखायचा असेल तर सात कोअरचं फायबर घ्या. मधे एक, भोवती षटकोनात सहा. तीन अज्ञातांसमोर सात मापं म्हणजे चार अटी जादा. एकेक कोअर वगळून उरलेल्या सहांवर आकार बसवायचा. ज्याला वगळल्यावर मापं आणि बसवलेला आकार यांच्यातली तफावत गोंगाटाइतकी खाली येते, तो दोषी. त्याला बाजूला ठेवून मोजणी चालूही ठेवता येते. झटपट तपासणीसाठी एकाआड एक कोअरचे दोन त्रिकोण करा आणि दोघांची वक्रता वेगवेगळी काढून ताडून पाहा.

आता एक गोष्ट जी मला स्वतःला उशिरा उमगली आणि जिच्याबद्दल मी कळकळीनं सांगतो. पीळ मोजता यावा म्हणून बाहेरचे कोअर मळसूत्रासारखे फिरवलेलं फायबर मिळतं. त्यात पीळ हा चौथा अज्ञात, आणि तो नेमका बाहेरच्यांची सरासरी व मधला कोअर यांच्यातल्या फरकातूनच काढतात. म्हणजे वर सांगितलेली अट पीळ मोजण्यातच खर्ची पडते. चार कोअरच्या मळसूत्री फायबरमध्ये जादा असं काही उरतच नाही. सात कोअरमध्ये तीन अटी उरतात, पण त्या तिन्ही बाहेरच्या सहांमधल्या. मधला कोअर चुकला तर ती चूक सरळ खोटा पीळ होऊन बाहेर पडते, आणि बाहेरच्या सहांना त्याचा पत्ताही लागत नाही. तिथे शेजारच्या बिंदूंवर आणि आधीच्या क्षणाच्या मापावरच भिस्त ठेवावी लागते. खरा पीळ एका बिंदूवर अचानक उसळून पुढच्याच बिंदूवर नाहीसा होत नाही. तुमचं फायबर सरळ कोअरचं आहे की मळसूत्री, हे आधी पाहून घ्या.

आणि सगळे कोअर एकमतानं चुकत असतील तर कितीही कोअर असले तरी तफावत शून्यच येते. फायबर नळीत स्वतःभोवती फिरलं, किंवा सरळ म्हणून घेतलेलं शून्य-माप मुळात किंचित वाकलेल्या फायबरवर घेतलं, तर हेच होतं. त्यासाठी बाहेरचा साक्षीदार हवा: ठाऊक त्रिज्येची खाच, किंवा टोकाची जागा वेगळ्या पद्धतीनं मोजणारा सेन्सर. मी दर प्रयोगाआधी आणि नंतर फायबर एकाच गोल खाचेत बसवून पाहतो. त्रिज्या जुळली पण वर्तुळाचं प्रतल फिरलेलं दिसलं, तर फायबर स्वतःभोवती फिरलंय.