'वकील' नको, तर मग रुग्णाच्या बाजूनं बोलणाऱ्याला म्हणायचं काय?

प्रश्न असा आला आहे : रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकाचं भाषांतर चालू आहे. त्यात 'पेशंट अ‍ॅडव्होकेट' हे पद आहे. पहिल्या खर्ड्यात 'रुग्णाचा वकील' लिहिलं, तर वाचणाऱ्या नातेवाइकांनी घाबरून विचारलं, "कुणी केस केलीय का?" शिवाय 'क्लायंट'साठी 'ग्राहक' लिहावं का?

नातेवाइकांचं काही चुकलं नाही. आज वकील म्हटलं की कोर्टच डोळ्यांसमोर येतं. पूर्वी तसं नव्हतं. दिल्ली दरबारात हिंगणे घराण्यातली माणसं पेशव्यांचे वकील होती, ती धन्याचं म्हणणं तिथे मांडायला. शब्द अरबी, अर्थ 'ज्याच्यावर काम सोपवलं तो'. त्याचा जोडीदार 'अशील' हाही अरबीच, म्हणजे मूळ माणूस. 'अस्सल' त्याच कुळातला. मला ही जोडी फार मोलाची वाटते. काम सोपवलेला एक आणि मूळ धनी दुसरा, हे नातं या दोन शब्दांत चोख बसलेलं आहे. ज्याच्यापासून 'अ‍ॅडव्होकेट' आला त्या लॅटिन शब्दाचा अर्थही 'मदतीला बोलावलेला' असाच. म्हणजे बोलावणारा आधी, बोलणारा नंतर.

आपल्या बोलण्यात हे अजून जिवंत आहे. "तू कशाला त्याचं वकीलपत्र घेतोस?" असं आपण म्हणतो तेव्हा टोचणी हीच असते की त्यानं ते तुला दिलेलं नाही. रुग्णाच्या बाबतीत सगळं इथेच येऊन थांबतं : वकीलपत्र दिलेलं आहे, की घेतलेलं?

या कसोटीवर बाकीचे शब्द पाहा. 'कैवारी' गोड आहे, पण कैवार आपण आपल्या मनानं घेतो, समोरच्याला न विचारताही. 'रदबदली' आणि 'शब्द टाकणं' ही तर मेहेरबानीची भाषा. साहेबांकडे रदबदली केली, त्यांनी ऐकलं, उपकार झाले. उपचारांची माहिती मिळणं, नको त्या उपचाराला नाही म्हणता येणं, आपली कागदपत्रं पाहायला मिळणं हे हक्क आहेत. त्यांच्यासाठी कुणाची भीड घालायची नसते. 'हितचिंतक' सर्वांत जपून वापरावा, कारण तुमचं हित कशात आहे ते तोच ठरवतो. 'रुग्णमित्र' रूढ आहे, आपुलकीचाही आहे, पण मित्राला जाब विचारता येत नाही, या पदावरच्या माणसाला तो विचारता आला पाहिजे. 'प्रतिनिधी' म्हटलं की आपल्या जागी सही करणाराच डोळ्यांसमोर येतो, आणि इथे नेमकं तेच नको आहे.

इंग्लंड आणि वेल्सच्या 2005च्या मेंटल कपॅसिटी कायद्यात ही सीमा नीट आखलेली आहे. स्वतः निर्णय घेण्याची क्षमता नसलेल्या आणि ज्याच्याविषयी विचारायला जवळचं कुणी नाही अशा माणसासाठी, गंभीर उपचारांसारख्या प्रसंगी, स्वतंत्र अ‍ॅडव्होकेट नेमला जातो. तो त्या माणसाच्या इच्छा, भावना शोधतो, कागदपत्रं पाहतो, आणखी एका डॉक्टरचं मत मागू शकतो. निर्णय मात्र तो घेत नाही. त्याचा अहवाल निर्णय घेणाऱ्याला विचारात घ्यावाच लागतो.

एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. मावशी रुग्णालयात होती. डॉक्टर राउंडला आले आणि तिच्या डोक्यावरून मला विचारू लागले, "यांना रात्री झोप लागते का?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात सिस्टर पलंगाच्या दुसऱ्या बाजूला गेल्या, उशी सरकवून मावशीला टेकवून बसवलं आणि म्हणाल्या, "मावशी, काल मला सांगितलंत ते आता डॉक्टरांना सांगा." मावशीनं सांगितलं : नव्या गोळीनं गरगरतं, म्हणून ती दोन रात्री घेतलीच नव्हती. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी प्रेमापोटी उत्तर दिलं असतं, आणि ते चुकीचं असतं.

सिस्टरनी केलं त्याला साधं मराठी आहे : बाजू मांडणं, आणि त्याहून आधी, बाजू मांडू देणं. म्हणून पत्रकात पदनाम 'रुग्णहक्क साहाय्यक' ठेवा आणि त्याखाली लगेच लिहा : "तुमचं म्हणणं मांडायला हे तुम्हाला मदत करतील. निर्णय तुमचाच राहील." हे दुसरं वाक्य गाळू नका. नुसतं पदनाम कितीही नेमकं केलं तरी एवढा अर्थ त्यात मावणार नाही.

'क्लायंट'साठी 'ग्राहक' नको. ग्राहकाला दुसऱ्या दुकानात जाता येतं, आजारी माणसाला बहुतेक वेळा तेवढी मोकळीक नसते. समुपदेशनाच्या संदर्भात 'सेवार्थी' चालेल. 'अशील' मनापासून आवडत असूनही मी सुचवत नाही, कारण त्याच्यामागून वकील येणारच आणि नातेवाईक पुन्हा केसबद्दल विचारतील.