प्राणी आवडतात म्हणून इकॉलॉजी घेतली, पण…

“प्राणी आवडतात म्हणून इकॉलॉजी घेतली, आणि आता वाटतंय, आपण चुकीच्या वर्गात येऊन बसलोय.” विद्यापीठात इकॉलॉजीच्या (सजीव आणि त्यांचा परिसर यांच्यातल्या नात्यांच्या अभ्यासाच्या) विद्यार्थ्यांचं समुपदेशन करताना हे वाक्य मला दर वर्षी कुणा ना कुणाच्या तोंडून ऐकायला मिळतं. त्यातल्याच एका विद्यार्थिनीचा अनुभव तिच्या परवानगीनं आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.

ती दुसऱ्या वर्षाला होती. अभ्यासात हुशार. आली ती कोर्स बदलण्याचा अर्ज भरूनच, सही तेवढी राहिली होती. कारणं तिनं एका दमात सांगितली. संख्याशास्त्र झेपत नाही, दिवसभर कॉम्प्युटरवर कोडिंग, प्राणी दिसतात ते फक्त स्लाइडवर, पुढे नोकऱ्या नाहीत. मग जरा थांबून म्हणाली, “आणि मॅडम, आम्ही ज्याचा अभ्यास करतोय ते संपतच चाललंय ना. मग शिकून उपयोग काय?”

अशा वेळी “स्वप्न सोडू नकोस” असं सांगणं मला पटत नाही, आणि “व्यवहार बघ” असं सांगणंही नाही. आधी झोप, भूक, मित्रमैत्रिणी यांची चौकशी केली. जीव नकोसा वाटतो का, हेही थेट विचारलं. तसं काही नव्हतं, पण झोप उडाली होती. (तसं काही असतं तर कोर्सचा विषय बाजूला ठेवून आधी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं.) मग तिला म्हटलं, अर्ज राहू दे बॅगेत, शेवटच्या तारखेला वेळ आहे. तोवर वेळापत्रकाची एक प्रिंट घे आणि प्रत्येक तासापुढे एवढंच लिही, की तास संपल्यावर उत्साह वाढला होता की गळून गेल्यासारखं झालं होतं.

पुढच्या भेटीत तो कागद आमच्या दोघींच्या मध्ये होता. संख्याशास्त्राच्या तासांपुढे कधी अधिक, कधी उणे. फील्डवर्कपुढे सगळीकडे अधिक, पावसात भिजलेल्या दिवशीही. सलग उणे होतं ते एकाच ठिकाणी, संवर्धनाच्या व्याख्यानापुढे. म्हणजे ज्या विषयासाठी ती आली होती, नेमका तोच.

तिथं काय होतं, असं विचारल्यावर तिनं हवाईतल्या काउआई बेटावरच्या ‘ओओ’ पक्ष्याबद्दल सांगितलं. १९८७ नंतर त्याचा आवाज कुणी ऐकलेला नाही. वर्गात त्याचं ध्वनिमुद्रण लावलं गेलं, जोडीदारासाठी साद घालणारा नर, आणि उत्तर द्यायला कुणीच उरलेलं नाही. ते संपलं आणि पुढची स्लाइड आली. वर्गात कुणी काही बोललं नाही. त्यानंतर ती रात्र रात्र जागून तेच ध्वनिमुद्रण ऐकत होती आणि नामशेष झालेल्या एकेका जातीबद्दल वाचत होती.

हे दुःख आहे, आणि ते खरं आहे. त्याला मी ‘अतिसंवेदनशीलपणा’ म्हणणार नाही. जीवशास्त्रज्ञ मायकल सूले यांनी १९८५ मध्ये संवर्धन जीवशास्त्राची ओळख करून देताना त्याला संकटकाळाची विद्याशाखा म्हटलं होतं. पूर्ण माहिती हाती येण्याआधीच कृती करायला लावणारी. अशा विषयात शिरलेल्या मुलांना मन मोकळं करायला जागा नको का? तिनं दोन वर्गमैत्रिणींना सोबत घेऊन प्राध्यापकांना विनंती केली, की अशा व्याख्यानानंतर थोडा वेळ नुसतं बोलायला मिळावं. ते लगेच तयार झाले, बहुधा त्यांनाही ते हवंच होतं. झोपण्याआधीचं वाचन तिनं बंद केलं. झोप हळूहळू रुळावर आली.

राहिलं संख्याशास्त्र. इथं मी तिला समजावलं नाही, तिलाच समजावून सांगायला लावलं. “शेतातल्या सगळ्या गोगलगायी मोजता येत नसतील, तर त्या किती आहेत हे तुम्हाला कळतं कसं?” तिनं पेन घेतलं. समजा ४० गोगलगायी पकडल्या, शंखावर नेलपॉलिशचा ठिपका लावला आणि सोडून दिल्या. काही दिवसांनी पुन्हा ५० पकडल्या, त्यातल्या १० ठिपकेवाल्या निघाल्या. म्हणजे दर पाचात एक. तर एकूण साधारण २००. मग स्वतःच म्हणाली, “पण ठिपका पुसला गेला तर? किंवा ठिपक्यामुळे पक्ष्यांना ती आधी दिसली तर? मग आकडा चुकतो.” पुढची पंधरा मिनिटं ती आकडा कसकसा चुकू शकतो तेच सांगत होती. संख्याशास्त्राची नावड असलेली मुलगी असं बोलत नाही. तिला नावड होती ती कशासाठी मोजतोय हे न कळता सूत्रं टाइप करण्याची.

‘लार्ज ब्लू’ नावाच्या निळ्या फुलपाखराची गोष्टही तिनंच मला सांगितली. ब्रिटनमध्ये ते नाहीसं होत चाललं, तेव्हा फुलपाखरं पकडून जमवणाऱ्या संग्राहकांपासून वाचवायला एका ठिकाणी कुंपण घातलं गेलं. कुंपणानं माणसं थांबली, तशी चरणारी जनावरंही थांबली. गवत वाढलं, जमीन थंड झाली, आणि एका विशिष्ट जातीच्या लाल मुंग्या कमी झाल्या. या फुलपाखराची अळी महिनोन्‌महिने त्याच मुंग्यांच्या वारुळात राहून वाढते, हा धागा कीटकांचे अभ्यासक जेरेमी थॉमस यांनी १९७० च्या दशकात, तासन्‌तास निरीक्षण करून आणि मोजून उलगडला. तोवर उशीर झाला होता. १९७९ मध्ये ते फुलपाखरू ब्रिटनमधून गेलं. पण कारण कळलं होतं. म्हणून चराई पुन्हा सुरू करून, गवत आखूड ठेवून, १९८० च्या दशकात स्वीडनमधून आणून ते परत वसवता आलं.

“कुंपण घालणाऱ्यांचंही प्रेमच होतं,” ती म्हणाली. मी त्यावर काही बोलले नाही.

नोकरीच्या प्रश्नावर मात्र मी तिला गोड बोलून फसवलं नाही. या क्षेत्रात सुरुवातीची कामं बऱ्याचदा हंगामी, कंत्राटी आणि कमी पगाराची असतात. वन्यजीवांमागे जंगलात फिरण्याच्या जागा थोड्या आणि त्यांवर उड्या फार. पण पर्यावरणीय आघात मूल्यांकन (एखाद्या प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल हे तपासणं), उपग्रह-चित्रांवरून नकाशे बनवणं, पाण्याची आणि मातीची तपासणी, संग्रहालयं, शिक्षण, धोरणं आखणारी कार्यालयं, इथंही हेच शिक्षण चालतं. आणि तिथं विचारलं जातं ते नेमकं तेच, जे तिला नकोसं वाटत होतं: माहिती गोळा करता येते का, तिचं विश्लेषण करता येतं का, साध्या भाषेत अहवाल लिहिता येतो का. तिला अंतिम वर्षाच्या आणि नोकरीला लागलेल्या माजी विद्यार्थ्यांशी बोलायला सांगितलं. “आवडतं का?” असं विचारू नकोस, “कालचा दिवस कसा गेला ते तासातासानं सांगा” असं विचार, असं बजावलं.

तिनं कोर्स बदलला नाही. पण सगळ्यांनी तसंच करावं असं मला म्हणायचं नाही. अशाच कागदावर एका मुलाच्या फील्डवर्कपुढे सलग उणे आलं होतं. तो विषय बदलून गेला आणि आज पक्षीनिरीक्षण मनापासून, पण फक्त सुटीच्या दिवशी करतो. त्याचा निर्णयही मला तितकाच योग्य वाटतो.

आईवडिलांना एक विनंती. मुलगा किंवा मुलगी “हे नको” म्हणत आली, तर फीचा विषय काढण्याआधी नेमकं काय नको ते विचारा: विषय, शिकवण्याची पद्धत, रोजच्या वाईट बातम्या, की पुढच्या पगाराची भीती. या मुलीच्या घरच्यांनी ते विचारलं. तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिनं मुंग्या निवडल्या आहेत, आणि संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांकडे ती आता स्वतःहून जाते.