टोकियो २०२५ च्या वर्ल्ड ॲथलेटिक्समध्ये भारताची कामगिरी खरंच एवढी वाईट होती का?

पदक शून्य, हे खरंय. पण नुसतं "भालाफेकीत नीरज चोप्रा आठवा आला, संपलं" म्हणणं म्हणजे बाकीच्यांवर अन्याय आहे राव.

नीरजचा भाला ८४.०३ मीटरवर थांबला, त्याच फायनलमध्ये सचिन यादवने ८६.२७ टाकला आणि चौथा आला, ब्राँझ फक्त ४० सेंटीमीटरने हुकलं! आणि आपल्या नाशिक जिल्ह्यातला सर्वेश कुशारे, उंच उडीत वर्ल्डच्या फायनलला जाणारा पहिला भारतीय, तिथे २.२८ मीटर मारून सहावा, तेही पर्सनल बेस्ट. एवढी उंची म्हणजे आपल्या घरातल्या दाराच्या चौकटीवरून पलीकडे, तरी पेपरात बातमी कोपऱ्यात.

आपला बीडचा अविनाश साबळे, स्टीपलचेस म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीतला धावपटू, तो तर गुडघ्याच्या दुखापतीमुळे गेलाच नव्हता, तोही फरक पडला. बुडापेस्टला २०२३ मध्ये नीरजचं गोल्ड होतं, त्यामुळे तुलनेत हे फिकं दिसतं एवढंच.

बाकी मेडल्सचं म्हणाल तर इकडे ठाण्यात दादोजी कोंडदेव स्टेडियमला संध्याकाळी चक्कर मारा, ट्रॅकवर धावणारी पोरं दिसतील, त्यातल्या किती जणांचे आईबाप दहावीनंतर सराव चालू ठेवू देतात ते विचारा.