एक एकर बाग आणि ३२ हजार फूट

तासगावहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी अकरावी सायन्सला. रात्री मोबाईलवर कुठलं विमान किती उंचीवरून चाललंय ते बघते आणि वहीत टिपून ठेवते. मुंबई-लंडन विमान आधी ३२ हजार फुटांवर, मग ३४, मग ३६ हजारांवर का जातं, असं तिनं सरांना विचारलं. त्यावरून वडिलांनी ठरवून टाकलं : पोरगी पायलट होणार आणि त्यासाठी एक एकर द्राक्षबाग विकायची.

दादा, पत्रात बागेचा भाव आहे, बँकेचं कर्ज आहे, भावकी काय म्हणेल तेही आहे. पायलट व्हायचंय असं पोरीनं म्हटल्याचं मात्र कुठंच नाही. शेवटी एवढंच, ‘ती गप्प असते, म्हणजे तयारच आहे.’ बापानं जमीन विकायला काढल्यावर सोळा वर्षांची पोर नाही कसं म्हणेल? कमर्शियल पायलटच्या परवान्याला किमान २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यातला एकेक तास ती बागेच्या हिशेबात मोजत बसेल. मला काळजी वाटते ती याची. तिच्या मार्कांची अजिबात नाही.

आणि तुम्ही लिहिता, ‘उंच गेलं की हवा विरळ, तेल कमी लागतं, यात विचारायचं काय?’ असं सरळ असतं तर सगळी विमानं सुटल्या सुटल्या ४१ हजारांवर गेली असती. विरळ हवेत विरोध कमी होतो, पण पंखांना आधारही कमी मिळतो. लांबच्या प्रवासाला निघताना वजनाचा तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, नुसतं इंधनच असतं. एवढं जड विमान फार वर नेलं तर नाक वर धरून तरंगत राहावं लागतं, विरोध उलट वाढतो. इंधन जळून वजन घटलं की फायद्याची उंची वर सरकते. म्हणून ते टप्प्याटप्प्यानं चढतं. दोन-दोन हजारांनी अशासाठी, की पश्चिमेकडं जाणाऱ्यांना साधारणपणे सम हजार देतात, मधले विषम पूर्वेकडं जाणाऱ्यांना. वर समोरून जोराचा वारा असेल तर खालचीच उंची स्वस्त पडते. तुमच्या पोरीनं नेमकं हेच हेरलंय. विमान चालवायचंय असं तिनं कुठं म्हटलंय? तिला हिशेब कळून घ्यायचाय.

या हिशेबाला पगार मिळतो. विमान कंपन्यांत फ्लाइट डिस्पॅचर असतात; वजन, वारा, इंधन बघून उड्डाणाचा आराखडा तेच करतात. विमानाच्या कामगिरीचं गणित मांडणारे इंजिनिअर वेगळे. वाट नेहमीचीच : जेईई दिली तर आयआयटी मुंबईत एरोस्पेस, नाहीतर सीईटी देऊन सांगलीच्या वालचंदमध्ये मेकॅनिकल आणि पुढं एम.टेक. हवामानशास्त्रही तिला आवडेल.

उद्या तिला खरंच विमान चालवावंसं वाटलं तर तेव्हा पैशाचं बघू. आत्ता ती वही तिच्याकडून समजून घ्या, भावकीला मध्ये घेऊ नका. आणि बागेचा इसार घेतला असेल तर तो परत करून या.