जूनमध्ये सळई अडली म्हणजे खाली पर्माफ्रॉस्टच (वर्षानुवर्षं गोठलेली जमीन) असेल असं नाही

तुमची पोस्ट दोनदा वाचली. कॅनडाच्या युकॉनमधल्या डॉसनजवळची सोन्याची प्लेसर खाण (ओढ्याच्या गाळगोट्यांतून सोनं काढायची), जूनच्या सुरुवातीला सळया ठोकून केलेला नकाशा, सगळीकडे अर्ध्या मीटरवर कडक जमीन, आणि आता खालचं गोठण उन्हापासून झाकणारं मॉस, म्हणजे वरचं शेवाळ, काढू का हा प्रश्न. माझा युकॉनमधला पहिला उन्हाळा अगदी असाच सुरू झाला होता. कृपा करून थांबा.

जूनमध्ये सळईला लागतं ते पुष्कळदा नुसतं त्या हिवाळ्याचं गोठण असतं, ऑगस्टपर्यंत निघून जाणारं. आमच्या नकाशात अ‍ॅस्पेनच्या झाडांचा उन्हातला दक्षिण उतार आणि समोरचा काळ्या स्प्रूसच्या झाडांचा, खरा पर्माफ्रॉस्ट असलेला उत्तर उतार एकाच रंगात आले. सगळं सारखंच दिसतंय म्हटल्यावर आम्ही जवळचा, म्हणजे स्प्रूसमधला रस्ता धरला आणि मॉस खरवडून काढलं. पुढच्या जुलैत त्या रस्त्याचा ओढा झाला. एक्सकॅव्हेटर पट्ट्यांपर्यंत रुतला, तो काढायला नऊ दिवस लागले.

त्या भागातल्या जुन्या बोअरच्या नोंदी मी एका कार्यालयाकडे आधीच मागितल्या होत्या. लेखी अर्ज करा, मग नकाशा जोडा, मग दुसऱ्या टेबलावर जा. चार महिन्यांनी एक झेरॉक्स हातात पडली. आमच्या रस्त्याखालीच नऊ मीटर बर्फाळ मक, तिथले लोक गाळाला मकच म्हणतात, स्वच्छ अक्षरात लिहिलेला. आजही तो कागद आठवला की संताप होतो. तुम्ही अर्ज आजच टाका, आणि शेजारच्या क्लेमवरच्या (खाणपट्ट्यावरच्या) जुन्या माणसांना जाऊन भेटा. त्यांना बरंच ठाऊक असतं.

रेझिस्टिव्हिटी, म्हणजे जमिनीचा विद्युत रोध मोजणं, जरूर करा, पण एकट्या तिच्यावर विसंबू नका. बर्फाचा रोध जास्त, तसा कोरड्या वाळूगोट्यांचा आणि अखंड खडकाचाही जास्त. उलट शून्याच्या जरा खाली असलेल्या बारीक गाळात पाणी शिल्लक राहतं, म्हणून तो गोठलेला असूनही रोध कमी दाखवतो. माझ्या मते प्रत्येक उतारावर निदान एक बोअर आणि त्यात थर्मिस्टरची (तापमान मोजणाऱ्या संवेदकांची) माळ हवीच. ड्रिलिंगची ऊब जायला काही आठवडे लागतात, पहिल्या दिवसाचे आकडे धरू नका. सळया सप्टेंबरच्या सुरुवातीला पुन्हा ठोका.

बोअरमधून निघालेल्या गाभ्याचा तुकडा रात्रभर बादलीत वितळू द्या. आमच्या बादलीत सकाळी निम्म्याहून वर गढूळ पाणी होतं, तळाशी चार बोटं राखाडी गाळ, आणि तंबूभर कुजका वास. गोठलेल्या गोट्यांच्या थरात बर्फ थोडाच असेल तर वितळल्यावरही तो बऱ्यापैकी टिकतो. हा मक टिकत नाही.

मी भूभौतिकीचा माणूस, जिओटेक्निकल इंजिनिअर नव्हे. बांध किंवा इमारतीचा पाया असेल तर त्यांचीच सही घ्या.

आणि मकमधून हाडं निघाली तर मशीन तिथेच बंद करून कळवा. 2022 मध्ये युरेका क्रीकवर मॅमथचं अख्खं पिल्लू अशाच खोदकामात सापडलं, कातडीसकट.

दक्षिण उताराचे सप्टेंबरचे आकडे आले की इथे टाका, मी बघतो.