अर्ज प्रलंबित असताना भेटीला जावे का?

“मॅडम, मी त्यांना भेटायला गेले तर आमची फाईल बिघडेल का?” लग्न झालेले आहे, जोडीदार परदेशात आहे, त्याच्याकडे कायमचे राहायला जाण्यासाठीचा अर्ज दाखल झालेला आहे आणि निर्णय केव्हा येईल ते कोणीच सांगत नाही, अशा अवस्थेतल्या व्यक्ती हा प्रश्न मला, समुपदेशक म्हणून, नेहमी विचारतात. त्यांना मिळालेला सल्ला बहुधा एकच असतो: इतके थांबलात, आता आणखी थोडे थांबा, उगाच खोडा घालून घेऊ नका. ज्या अनुभवातून मी स्वतः या प्रश्नाकडे वेगळ्या रीतीने पाहायला शिकले, तो इथे मांडते आहे. संबंधितांची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती एकोणतीस वर्षांची, हिशेबनीस म्हणून नोकरी करणारी. नवरा कॅनडात परमनंट रेसिडेंट, म्हणजे पी.आर.: तिथे कायम राहण्याची परवानगी असलेला, पण नागरिक नसलेला. लग्नाला चौदा महिने झाले होते आणि त्यांतले एकोणीस दिवस दोघे एका छताखाली राहिले होते. हा आकडा तिने मला पहिल्याच भेटीत, न विचारता सांगितला. स्पॉन्सरशिपचा, म्हणजे नवऱ्याने तिला कायमचे तिकडे बोलावून घेण्याचा, अर्ज दाखल होऊन सात महिने झाले होते. ती माझ्याकडे आली होती झोप लागत नाही म्हणून. बोलता बोलता कळले की रात्री दोन-अडीच वाजता उठून ती अर्जाचे पोर्टल उघडते आणि ‘स्टेटस’ बदलले नसल्याची खात्री करून पुन्हा पडते. भेटीला जाण्याचा विषय तिने तिसऱ्या सत्रात काढला, तोही एखादा अपराध कबूल करावा तशा सुरात.

त्या दिवशी माझी चूक झाली. प्रश्न नियमांचा आहे असे समजून मी तो नियम जाणणाऱ्यांकडे सोपवला. त्यात गैर काही नव्हते, कारण कॅनडाच्या इमिग्रेशनबाबत मोबदला घेऊन सल्ला देण्याचा अधिकार तिथल्या लॉ सोसायट्यांचे (वकिली व्यवसायाच्या नियामक संस्थांचे) सदस्य, क्वेबेकमधले नोटरी आणि कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स या नियामक संस्थेचे परवानाधारक यांनाच आहे, आणि समुपदेशकाने त्या वाटेला जाऊ नये असे माझे ठाम मत आहे. पण तिला परवानाधारक सल्लागाराकडे पाठवले म्हणजे आपले काम संपले, असे मी धरून चालले. तिचा प्रश्न त्याहून बराच खोल होता.

सल्लागाराने तिला जे सांगितले त्याने तिची निम्मी भीती उतरली, म्हणून ते आधी सांगते. कॅनडाच्या २००१ च्या इमिग्रेशन अँड रेफ्युजी प्रोटेक्शन ॲक्टमधल्या कलम २२ च्या दुसऱ्या उपकलमात स्पष्ट म्हटले आहे की, पुढे कायमचे राहायला येण्याचा हेतू असणे ही गोष्ट तात्पुरत्या भेटीच्या आड येत नाही. मात्र मंजूर मुदत संपेपर्यंत ती व्यक्ती देश सोडेल, याबद्दल अधिकाऱ्याचे समाधान झाले पाहिजे. याला तिथे ‘ड्युअल इंटेंट’, म्हणजे दुहेरी हेतू म्हणतात. थोडक्यात, “मला एक दिवस इथे राहायला यायचे आहे, पण या खेपेस मी पाच आठवड्यांनी परत जाणार आहे” ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असू शकतात हे कायद्यालाच मान्य आहे. व्हिजिटर व्हिसा नाकारला गेला, तरी केवळ तेवढ्यामुळे स्पॉन्सरशिपचा अर्ज फेटाळला जात नाही, कारण दोन्ही ठिकाणी तपासायच्या गोष्टी वेगळ्या असतात: एका ठिकाणी परत जाण्याची खात्री पाहतात, तर दुसऱ्या ठिकाणी लग्न खरे आहे की नाही आणि ते मुख्यतः प्रवेश मिळवण्यासाठीच झाले आहे का, हे पाहतात. उलट, प्रत्यक्ष भेटीगाठी हा नाते खरे असल्याचा पुरावा ठरतो.

हे नियम सगळीकडे सारखे नाहीत, आणि ऐकीव माहिती फिरते ती बहुतेक वेळा देशांची सरमिसळ होऊनच. अमेरिकेच्या कायद्यातल्या कलम २१४(बी) नुसार पर्यटक व्हिसा मागणारा प्रत्येक जण कायमचा राहायला येऊ पाहतो आहे असे गृहीत धरले जाते आणि तसे नाही हे अर्जदाराला पटवून द्यावे लागते; शिवाय आपल्या नावे कोणी इमिग्रेशनची याचिका दाखल केली आहे का, असा थेट प्रश्न तिथल्या फॉर्ममध्ये असतो. त्यामुळे तिथे जोडीदाराची याचिका प्रलंबित असताना भेटीचा व्हिसा मिळणे बरेच अवघड जाते. माझ्या अशिलेच्या मावसबहिणीचा अनुभव अमेरिकेचा होता आणि तोच नियम म्हणून घरात सगळ्यांनी डोक्यात पक्का केला होता.

चौथ्या सत्रात मात्र तिने बॅगेतून एक कागद काढला. तो एका एजंटने भरून दिलेला व्हिजिटर व्हिसाच्या अर्जाचा कच्चा मसुदा होता. त्यात वैवाहिक स्थितीपुढे ‘अविवाहित’ असे लिहिले होते आणि प्रवासाचा उद्देश होता पर्यटन. “ते म्हणाले, लग्न झालेलं लिहिलं की व्हिसा मिळतच नाही. सगळेच असं करतात.” हे सांगताना ती माझ्याकडे पाहत नव्हती.

या ठिकाणी मी जरा थांबते, कारण भेटीला जाणाऱ्यांचे खरे नुकसान होताना मी पाहिले आहे ते याच वळणावर. एकाच सरकारकडे एका अर्जात ती पत्नी आणि दुसऱ्या अर्जात अविवाहित, हे विसंगत चित्र अधिकाऱ्याला दिसायला फारशी शोधाशोध करावी लागत नाही. महत्त्वाच्या बाबतीत खोटी माहिती देणे किंवा ती दडवणे याला तिथल्या कायद्याच्या कलम ४० खाली चुकीचे निवेदन मानतात आणि ते सिद्ध झाल्यास पाच वर्षे प्रवेश बंद होतो. तेवढ्या काळात कायम निवासाचा अर्जही करता येत नाही. दुसऱ्या एका जोडप्याच्या बाबतीत मी हे जवळून पाहिले. पतीने भेटीच्या अर्जात पत्नीचा आणि प्रलंबित अर्जाचा उल्लेख टाळला, व्हिसा तर मिळाला नाहीच, पण काही महिन्यांनी मुख्य अर्जावर खुलासा मागणारे पत्र आले. खुलासा देऊन ते प्रकरण शेवटी निभावले, परंतु त्या तीन महिन्यांत दोघांनी एकमेकांना जे शब्द ऐकवले त्यांची दुरुस्ती कोणत्याही वकिलाच्या हातात नव्हती.

म्हणून तिने विचारलेला प्रश्न मी तिला थोडा फिरवून विचारला. भेटीला जाण्याची भीती वाटते, की भेटीला जायचे आहे हे उघडपणे सांगण्याची? ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “त्यांनाच मी येऊ नये असं वाटतंय.”

फाईल, व्हिसा, नियम यांच्या आड लपलेली गोष्ट ही होती. तिने विषय काढला की नवरा दर वेळी “आता नको, फाईल बिघडेल” असे म्हणे. सासूबाई म्हणत, एवढी काय घाई आहे, पुढे जन्मभर तिथेच राहायचे आहे. आई म्हणे, तो म्हणतो तेच ऐक. दूर राहणाऱ्या जोडप्यांत अशी पोकळी फार लवकर तयार होते, आणि रिकाम्या जागी मन सर्वांत वाईट अर्थ भरते. अमेरिकी कुटुंबोपचारतज्ज्ञ पॉलीन बॉस यांनी अशा स्थितीला ‘ॲम्बिग्युअस लॉस’ हे नाव दिले आहे: माणूस आयुष्यात आहे, मनात सतत आहे, पण शरीराने जवळ नाही आणि तो कधी जवळ येईल याची तारीखही नाही. अशा गमावण्याचे सुतक पाळता येत नाही आणि ते विसरताही येत नाही. रात्री अडीच वाजता पोर्टल उघडणे हा त्यातल्या त्यात काहीतरी हातात धरण्याचा प्रयत्न होता, हे लक्षात आल्यावर तिच्या झोपेबद्दलचे माझे मत बदलले.

पुढचे सत्र आम्ही नवऱ्याला व्हिडिओवर घेऊन केले. मी त्याला भावनांविषयी काही विचारले नाही. परदेशातल्या पुरुषांना अनोळखी समुपदेशकापुढे तसा प्रश्न विचारला की ते विनयाने उत्तरे देतात आणि काहीच सांगत नाहीत, असा माझा अनुभव आहे. मी कागदांवरूनच सुरुवात केली. व्हिजिटर व्हिसासाठी यजमानाने द्यायच्या निमंत्रणपत्रात त्याचा पत्ता आणि पाहुण्याच्या राहण्याची सोय लिहायची असते, तेव्हा तिथे काय लिहाल, एवढेच विचारले. तो गडबडला. मग हळूहळू सांगू लागला. तो आणखी तिघांबरोबर एका तळघरातल्या जागेत राहत होता, स्वयंपाकघर वापरायच्या वेळा वाटून घेतलेल्या होत्या, आणि व्हिडिओ कॉल करताना तो नेहमी एकाच भिंतीकडे पाठ करून बसे, कारण तेवढीच भिंत बरी होती. लग्न ठरताना सांगितलेल्या पगारातला बराचसा भाग कर्जाच्या हप्त्यांत जात होता. पत्नीने हे पाहू नये, म्हणून त्याने फाईलची ढाल केली होती. फाईल बिघडेल या भीतीवर त्याचा थोडाफार विश्वासही होता. तो निव्वळ खोटे बोलत होता असे मी म्हणणार नाही.

ती चिडली नाही. “ती भिंत मला पाठ झालीय,” एवढेच ती म्हणाली. रागावली ती पुढच्या आठवड्यात, आणि चांगलीच रागावली. ते होणे आवश्यक होते.

त्यानंतर आणखी एक शक्यता पुढे आली: तिने जाण्याऐवजी त्यानेच दोन-तीन महिने इकडे येऊन राहावे. ऐकायला ते सोयीचे वाटते, पण सल्लागाराने त्यातली अडचण दाखवली. कॅनडाचा नागरिक परदेशात राहूनही, जोडीदारासह परतण्याच्या तयारीने, स्पॉन्सर होऊ शकतो, पी.आर. असलेल्याने मात्र कॅनडातच राहत असणे आवश्यक असते. थोड्या दिवसांची भेट वेगळी आणि मुक्काम हलवणे वेगळे, आणि हे अंतर धूसर होऊ देणे शहाणपणाचे नव्हते. अर्ज देशाबाहेरून केलेला आहे की देशात राहून, हेही जाण्यायेण्यापूर्वी पाहावे लागते. तिचा अर्ज बाहेरून केलेल्या वर्गातला होता. देशात एकत्र राहणाऱ्या जोडीदारांच्या वर्गातला अर्जदार मध्येच बाहेर पडला आणि त्याला पुन्हा प्रवेश मिळाला नाही, तर त्या अर्जाचा पायाच डळमळतो, आणि त्या वर्गात नकाराविरुद्ध इमिग्रेशन अपील डिव्हिजन या अपील ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे दादही मागता येत नाही.

अखेर तिने भेटीचा अर्ज केला तो सगळे खरे लिहून. विवाहित असल्याचे, स्पॉन्सरशिपचा अर्ज चालू असल्याचे, त्याच्या क्रमांकासह. सोबतच्या पत्रात तिने पाच आठवड्यांच्या तारखा दिल्या, कार्यालयाने मंजूर केलेल्या रजेचे आणि रुजू होण्याच्या तारखेचे पत्र जोडले, खर्च कोण कसा करणार ते लिहिले, आणि कायम निवास मंजूर होण्याआधी तिथे थांबण्याचा तिचा विचार का नाही, हे दोन परिच्छेदांत सांगितले. ते पत्र आम्ही सत्रात लिहिले नाही, परंतु तिने ते मला वाचून दाखवले, आणि गेल्या वर्षभरात स्वतःच्या इच्छेबद्दल इतक्या सरळ शब्दांत तिने प्रथमच काही लिहिले असावे, असे मला वाटले. व्हिसा मिळाला. तो मिळतोच असे नाही. म्हणून नकार आला तर काय करायचे, दुसऱ्यांदा कोणती कागदपत्रे जोडायची आणि त्या संध्याकाळी कोण कोणाला फोन करणार, हेही दोघांनी आधी ठरवून ठेवले होते.

विमानतळावर अधिकाऱ्याने तिला बाजूला घेऊन वीसएक मिनिटे प्रश्न विचारले. व्हिसा हातात असला तरी आत सोडायचे की नाही आणि किती दिवसांसाठी, हे प्रवेशाच्या ठिकाणचा अधिकारी ठरवतो. वेगळी तारीख दिली नाही तर मुदत साधारणपणे सहा महिन्यांची असते. तिच्याजवळ परतीचे तिकीट आणि रजेचे पत्र होते, आणि उत्तरे पाठ करावी लागली नव्हती.

परत आल्यानंतरचे पहिले दहा दिवस तिला फार जड गेले. जाण्यापूर्वीपेक्षा जास्त, असे ती म्हणाली, आणि त्याची पूर्वकल्पना मी तिला दिली होती तरी तिचा उपयोग थोडाच झाला. आता तिला त्या जागेतला जिना माहीत होता, त्याची कामावर जायची वेळ माहीत होती, त्यामुळे आठवणीला धरायला पुष्कळ काही होते. दोघांत तिथे दोनदा कडाक्याचे भांडण झाले होते, एकदा कर्जावरून आणि एकदा तिने तिथे असताना काम का करू नये यावरून. व्हिजिटर म्हणून परवान्याशिवाय नोकरी करता येत नाही हे त्याला ठाऊक असूनही पैशांच्या ओढीने त्याने विषय काढला होता, आणि तिने नाही म्हटले होते. ते भांडण आम्ही पुढच्या दोन सत्रांत सावकाश उलगडले.

मुख्य अर्जाचा निर्णय तेव्हाही आलेला नव्हता. पोर्टल ती अजून उघडत होती, पण दिवसा. शेवटच्या सत्रात तिने विचारले, वर्ष संपण्याआधी पुन्हा जाता येईल का? व्हिसा अनेक प्रवेशांचा असला तरी प्रत्येक प्रवेशाच्या वेळी अधिकारी नव्याने विचार करतो आणि वारंवार, लांबलांब मुक्काम केले तर ‘भेट’ या शब्दावरच प्रश्न उभा राहतो, तेव्हा तारखा सल्लागाराला विचारून ठरवा, असे मी म्हटले. “आणि जागेचं?” तिने विचारले. ते मात्र नवऱ्यालाच विचारा, असे मी सुचवले. तिने विचारून झाले होते. नव्या जागेचे भाडे किती आहे ते तिने मला सांगितले आणि त्यातला आपला वाटा किती असावा, याचा हिशेब करायला बसली.