महायुगाची विपळे किती होतात?

आपण विचारले आहे की एका महायुगात (म्हणजे चार युगांच्या एका पूर्ण फेऱ्यात) किती विपळे असतात. एका अहोरात्राच्या 60 घटका, घटकेची 60 पळे आणि पळाची 60 विपळे, म्हणजे दिवसाला 2,16,000 विपळे होतात. घटका 24 मिनिटांची असल्याने (लग्नघरी घंगाळात तरंगणारे घटिकापात्र तेवढ्याच वेळात बुडते) पळ 24 सेकंदांचे आणि विपळ 0.4 सेकंदाचे ठरते.

महायुग 43,20,000 वर्षांचे आहे. मात्र या आकड्याला सरळ 365 ने गुणू नये, कारण खरी अडचण वर्षाच्या लांबीत आहे. सूर्यसिद्धान्त या प्राचीन ज्योतिषग्रंथात महायुगाचे दिवस 1,57,79,17,828 दिलेले आहेत, म्हणजे वर्ष सुमारे 365.25876 दिवसांचे होते. त्याऐवजी आजच्या दिनदर्शिकेचे 365.2425 दिवसांचे सरासरी वर्ष घेतले, तर महायुगाअखेर 70,228 दिवसांचा, म्हणजे जवळजवळ 192 वर्षांचा फरक पडतो. म्हणून माझ्या मते आधी दिवस निश्चित करावेत आणि मगच त्यांना 2,16,000 ने गुणावे.

तसे केल्यास उत्तर 34,08,30,25,08,48,000 विपळे येते. कल्प हजार महायुगांचा असल्यामुळे त्यासाठी पुढे केवळ तीन शून्ये वाढवावी लागतात.